धोंडबाजींची विलायती रेकॉर्ड

प्रताप नगरच्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक लग्नाला धोंडबाजी असायचे, आणि धड पाहिलं असं एकही लग्न त्यांच्या नशिबी नव्हतं. लाऊडस्पीकरची सर्व्हिस होती त्यांची. मंडपाचा कोपरा, समोर मशीन, पाठ नवरानवरीकडे. एक गाणं संपायच्या आत दुसरी रेकॉर्ड पुसून ठेवायची, भंतेजींपुढे माईक न्यायचा, भोंग्यानं शिट्टी मारली की धावायचं. पंगती उठल्यावर उरलंसुरलं गार जेवायचं. वीस वर्षं हेच. माणूस थकणार नाही तर काय!

अठ्ठ्याऐंशी साली त्यांच्याच पुष्पलताचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर.

"अजी, आपल्या पोरीच्या लग्नात तरी बापासारखे समोर बसा," त्यांची बायको कांताबाई म्हणाल्या. "नवऱ्याकडचे सावनेरचा कॅसेटवाला आणूनच राहिले."

"माह्या पोरीच्या मांडवात दुसऱ्याची मशीन? मले नाही चालत."

पण समोर बसायची हौस त्यांनाही होती. हट्टी माणूस असाच स्वतःला आडवा येतो.

तोड काढली ती मुकुंदनं. शेजारचा हा पोरगा जहाजावर नोकरीला. सुट्टीत येताना त्यानं बेल्जियमहून एक रेकॉर्ड आणली होती. एवढी मोठी, आणि एका बाजूला एकच गाणं. "काका, हाउस म्युझिक म्हणते याले. तिकडचे पोट्टे यावरच नाचून राहिले. एकदा लावली की बराच वेळ पाहायचं काम नाही."

तेवढ्या वेळात आपण समोर जाऊन बसू, असा धोंडबाजींचा हिशोब. त्यांनी ती घरी ऐकून पाहिली. जड, रडका आवाज. पण तिकडची पोरं नाचतात तर इकडचीही नाचतील, असं म्हणून ठेवून दिली. मुकुंद तोवर जहाजावर परतला होता.

चूक साधी होती. मोठी रेकॉर्ड सावकाश फिरवायची आणि छोटी भरभर, हे त्यांच्या हातात मुरलेलं. ही नाचाची रेकॉर्ड मोठी असूनही भरभर फिरवायची होती, तसं तिच्यावर छापलंही होतं. पण वीस वर्षांत कागद वाचून खटका दाबायची वेळ कधी आलीच नव्हती.

लग्न लागलं. धोंडबाजींनी रेकॉर्ड लावली, सदरा सारखा केला आणि समोर निघाले. मागून भोंगा विव्हळू लागला.

"काकाजी, कोण मेलं?" नवऱ्याचे मित्र ओरडले. मंडप हसला. धोंडबाजी वळून मशीनपाशी पोचेपर्यंत वरातीबरोबर आलेल्या सावनेरच्या कॅसेटवाल्यानं वायर काढून स्वतःच्या डेकला जोडलीसुद्धा. दणदणाट सुरू झाला, पोरं नाचायला लागली.

आता त्यांना मशीनपाशी अडकवणारं काही नव्हतं. पण समोर जायचं त्राण उरलं नव्हतं. बायकांच्या मागे एका खुर्चीत ते बसले ते बसलेच. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कोणाचा ते अजून कळत नाही.

निघायची वेळ झाली. पुष्पलता आईच्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसत गर्दीतून वाट काढत वडिलांच्या खुर्चीजवळून पुढे गेली आणि थेट मशीनमागे जाऊन उभी राहिली. तिथे सावनेरचा माणूस बसलेला. ती गोंधळून त्याच्याकडे बघत राहिली.

"पुष्पा, मी इथं आहो वं," धोंडबाजी म्हणाले. त्या दणदणाटात तिला ऐकू गेलं नाही. मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि तिच्याकडे निघाले.