घोडी पुढे पळणारच

आमच्या थोरल्या साडूंच्या मते या पृथ्वीतलावर आजवर एकच निष्पक्ष पंच होऊन गेला आणि तो सध्या बेल्ह्यात कांदा पिकवतो. हे मत ते कुणापासून लपवून ठेवत नाहीत. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, चढाच्या वरच्या टोकाला, रेषेवर निशाण घेऊन उभं राहण्याचं काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. चार बैल, त्यांच्यापुढे वाट दाखवत पळणारी घोडी, दोन्ही बाजूंना भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं, आणि गाडा रेषेला लागला रे लागला की निशाण खाली. मग घड्याळवाल्याने वेळ पुकारायची आणि गावाने ती मान्य करायची. आमच्याकडे माणसं वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचतात, पण साडूंनी टाकलेल्या निशाणावरून आजवर कुणी भांडलं नाही, असं साडू सांगतात. भांडलेला एक जण मला माहीत आहे. पण तो राजुरीचा आहे, आणि बेल्ह्याची माणसं राजुरीकराची साक्ष धरत नाहीत.

पंचगिरी काही घाटात ठेवून घरी येता येत नाही. भाकरी पुरती फुगली की अर्धीच, शेजाऱ्याने हाक आधी मारली की कुत्रं आधी भुंकलं, यावर साडू रोज निकाल देतात आणि आमच्या मेहुणी, म्हणजे आक्का, तो ऐकून घेतात. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात हात वर करून जाहीर केलं, की शेवटचं ‘सावधान’ पुरं व्हायच्या आत अंतरपाट खाली आला आहे. "भटजी, घाई झाली. परत घ्या." भटजी जुन्नरचे, जन्मभर घाट पाहिलेले. त्यांनी मुकाट्याने अंतरपाट पुन्हा धरायला लावला आणि शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हटलं. माझे व्याही अजूनही मला बाजूला घेऊन विचारतात, की लग्न नक्की कोणत्या अक्षतांना लागलं.

मधली काही वर्षं शर्यतींवर बंदी आली. साडूंचा तो काळ फार वाईट गेला. दोन्ही डोळे शाबूत आणि बघायला रेष नाही. बंदी उठली तर घाटात रेषेवरच्या तारेला गाडा लागला की आपोआप थांबणारं घड्याळ आलं आणि निशाणवाल्याचं काम नावापुरतं उरलं. बंदीच्याच दिवसांत त्यांची धाकटी लेक अश्विनी कॉलेजात फुटबॉल खेळायची. तिने एके दिवशी टीव्हीवर आपल्या देशाच्या मुलींचा सामना लावून दिला, आणि घराचं स्वास्थ्य तिथे संपलं. पुरुषांचा फुटबॉल साडूंना चालत नाही. "बाप्यांना धक्का लागला की लोळत्यात. पोरी उठून पळत्यात," असं त्यांचं म्हणणं. मुलींच्या टीमचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही. त्यात आपली टीम जिंकते की हरते याकडे मात्र त्यांचं फारसं लक्ष नसे. ते पंचाकडे बघत.

त्यांना पटला असा पंच मी पाहिला नाही. निर्णय देण्याआधी मैदानाच्या कडेला जाऊन छोट्या पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा बघून येणारे पंच तर त्यांच्या विशेष मर्जीतून उतरले होते. "ज्याला सोताच्या डोळ्याचा भरवसा न्हाई, त्यानं निशाण हातात घ्यावंच कशाला?" पण त्यांचा खरा वैरी म्हणजे ऑफसाईडचा नियम. चेंडू पुढे मारण्याच्या क्षणी आपली खेळाडू समोरच्यांच्या बचावफळीच्या पुढे असली तर गोल धरत नाहीत, हे अश्विनीने त्यांना वाट्या मांडून समजावलं, मी खडूने फळ्यावर काढून समजावलं. मी चित्रकलेचा मास्तर, माझी आकृती स्वच्छ होती. साडूंनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, ही पुढं हाये ती घोडी. घोडी पुढं पळणारच. ती पुढं पळली न्हाई तर मागचा गाडा वर कसा यायचा? तुमी घोडीलाच दंड करताय राव!" या युक्तिवादाला उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि अजूनही नाही.

उत्तर होतं ते आळेफाट्याच्या शेठकडे. शेठचं फाट्यावर कापडाचं दुकान. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण स्वतः शेठ मराठीत भांडतात आणि मराठीतच रुसतात. फाट्यावरच्या एका हॉटेलात मोठा टीव्ही आहे. नाशिककडच्या गाड्या थांबतात, ड्रायव्हर मंडळी भजी खातात, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर साडू आणि शेठ मुलींच्या टीमचा निकाल लावतात. शेठ नियम वाचून येत. पंच चुकूच शकत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. दोघांचं पटत कशावरच नसे, त्यामुळे दोघांपैकी एक जण आला नाही तर दुसऱ्याला चहा गोड लागत नसे.

मग ती मोठी स्पर्धा आली. आपल्या मुली बऱ्या खेळल्या, एक सामना जिंकल्या, आणि जो सामना जिंकला की पुढची फेरी होती, त्यात अगदी शेवटी आपल्या मुलीने मारलेला गोल पंचबाईंनी ऑफसाईड म्हणून नाकारला. टीम घरी आली. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात रोज तो गोल नव्याने मांडला जाऊ लागला. मिठाची बाटली म्हणजे आपली मुलगी, पाण्याचे ग्लास म्हणजे समोरचा बचाव, आणि लिंबाची फोड म्हणजे चेंडू. शेठ मिठाची बाटली बोटभर पुढे सरकवत, साडू ती बोटभर मागे ओढत. भजी अळणी खाऊन लोक निघून जात. पंचबाईंबद्दल साडू जे बोलत त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच आहे: "हिला बेल्ह्याच्या बाजारात न्या. बैल म्हनून रेडा घिऊन यील!" हे वाक्य इतकं गाजलं, की ओतूरपर्यंतची माणसं कंडक्टरला, तलाठ्याला, प्रसंगी बायकोलाही ते ऐकवू लागली.

या सगळ्यात एक गोष्ट साडूंना माहीत नव्हती. अश्विनी आता नारायणगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती, आणि तिने पुण्याला जाऊन फुटबॉलच्या पंचाची परीक्षा दिली होती. पासही झाली होती. बेल्ह्याच्या त्या घरात हे सांगायचं कुणी आणि कसं? ती गच्चीवर शिट्टीचा सराव करी, तेव्हा आक्का खालून "कुकर झाला गं!" असं ओरडत. एकदा साडू म्हणाले, की आपल्याकडे डाळ अलीकडे फार शिजते. आक्कांनी मान डोलावली.

एका रविवारी अश्विनी जुन्नरला माझ्याकडे आली. शाळांच्या मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना जुन्नरच्या मैदानावर होता आणि शिट्टी तिच्या हातात होती. पहिलाच मोठा सामना. "काका, अण्णांना घिऊन या," ती म्हणाली. मी म्हटलं, ते चिडतील. "चिडू द्या. पन बाहेरनं कळलं तर ते घरात रोज हसतील मला. आणि मग मी मैदानात उभी राहिले ना, तर मला त्यांचं हसूच ऐकू यील. शिट्टी फुंकता यायची न्हाई मला." एवढं बोलून ती चहा न पिताच स्कूटीवर बसली. खेळाच्या शिक्षिकेचा पाय किक मारताना चुकलेला मी प्रथमच पाहिला.

साडूंना मी एवढंच सांगितलं, की मुलींचा सामना आहे आणि पंच नवीन आहे. ते ऐकून ते वेळेच्या बरेच आधी आले, सोबत शेठ आणि हॉटेलातली आणखी चार तोंडं घेऊन. पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसले, टोपी सारखी केली, घसा साफ केला. दोन्ही टीम आल्या. मागून काळ्या पोशाखात, गुडघ्यापर्यंत मोजे चढवून, गळ्यात शिट्टी अडकवलेली अश्विनी आली. साडूंनी एकदा पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग उठले, धोतर झटकलं आणि कुणाकडे न बघता मैदानाबाहेर चालू लागले. अश्विनीने ते पाहिलं. तिने खाली बघून बुटाची लेस बांधली, जी आधीच बांधलेली होती.

मी मागे धावलो. रागावण्याची माझी तयारी झाली होती. मी वाक्यंही जुळवली होती. साडू कंपाउंडच्या भिंतीपलीकडे रसाच्या गाड्याशेजारी उकिडवे बसले होते. "भाऊ, असं काय करता? लेकीचा पहिला सामना आहे," मी म्हणालो. ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसे बघू लागले. "मास्तर, पंचाच्या घरचं मानूस घाटात दिसलं तर निशाणाला डाग लागतो. उद्या कोन म्हनंल, बापाकडं बघून शिट्टी मारली. मी पंच व्हतो तवर तुमची आक्का कधी आली व्हती का घाटात?" आणि खरोखर, सगळी यात्रा नटूनथटून घाटात जायची तेव्हा आक्का घरी चुलीपुढे असायच्या. मला वाटे, त्यांना बैलांची भीती वाटते.

पूर्ण सामना आम्ही भिंतीला पाठ लावून ऐकला. साडू शिट्टीगणिक मान हलवत होते. "फाऊल. बरोबर." न पाहता बरोबर कसं, हे मी विचारलं नाही. शेवटाकडे एकदम गोलाचा जल्लोष उठला आणि तो ऐन भरात असताना शिट्टी वाजली. लांब, सरळ. मग शेठचा एकट्याचा आवाज आला, "अहो, ऑफसाईड आहे! ऑफसाईड!" आणि त्याच्यावर बाकीच्या सगळ्यांचा, "बेल्ह्याला न्या हिला! बैल म्हनून रेडा घिऊन यील!" पब्लिक खदाखदा हसलं. मग कुणीतरी ते पुन्हा ओरडलं, आणि पुन्हा. मी साडूंकडे बघायचं टाळलं. त्यांच्या हातातला रसाचा ग्लास तसाच होता. रसवाला म्हणाला, "बाबा, माशी पडली रसात." साडूंनी तो रस तसाच पिऊन टाकला.

सामना संपल्यावर अश्विनी बाहेर आली. घामाने आणि धुळीने चेहरा ओळखू येत नव्हता. समोर येऊन उभी राहिली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अण्णा, ती पोरगी पुढं व्हती. खरंच व्हती." जगातल्या प्रत्येक ऑफसाईडवर ज्यांचं मत होतं, ते साडू रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी काय बघितलं न्हाई. मी हिकडं व्हतो." मग म्हणाले, "पन शिट्टी कापली न्हाई तुजी. इतकी मानसं बोंबलली, तरी कापली न्हाई." तिने मान फिरवली. मग त्यांनी तिच्या स्कूटीला स्वतःच किक मारून दिली, आणि मी उगाच शेठना शोधायला निघून गेलो.

त्यानंतर हॉटेलातली ती मैफल जरा विस्कटली. शेठ अजून नियम वाचून येतात, पण साडू समोर बसूनही पंचाला नावं ठेवत नाहीत म्हटल्यावर त्यांचाही उत्साह मावळतो. मिठाची बाटली जागेवर राहते आणि भज्यांना चव असते. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं होतं, हे कबूल केलं पाहिजे. मागच्या महिन्यात आपल्या मुलींचा पुन्हा सामना होता. शेवटच्या मिनिटांत आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली गेली, आणि ती पेनल्टी नव्हती हे भजी तळणाऱ्यालाही दिसलं. सगळं हॉटेल वळून साडूंकडे बघू लागलं. शेठ तर म्हणाले, "बोला की हो भाऊ, आज तुमचं बरोबर आहे!" पडद्यावर ती पंच दिसत होती, कुठल्या तरी लांबच्या देशातली, पंचविशीतली असेल. आपल्या मुली तिला घेरून ओरडत होत्या आणि ती हात पाठीमागे बांधून उभी होती.

साडूंनी चष्मा पुसून तिच्याकडे पाहिलं.

"हिचा बाप कुठं बसला आसंल आत्ता?" ते म्हणाले.