‘त्या’ कधीच उशीर करत नाहीत

गुंडोरावांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळूरला आलं आणि परत जायचं विसरलं. तेव्हापासून चिकपेटच्या त्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. गुंडोराव नोकरीला लागले ते मात्र इंग्रजीत, एका शास्त्रीय नियतकालिकाच्या कचेरीत टाइपिस्ट म्हणून.

काम सोपं दिसायचं. कुणी शोधनिबंध पाठवला की संपादक तो त्याच विषयातल्या दोन जाणकारांकडे धाडायचे. हे रेफरी. निबंध छापण्याजोगा आहे की नाही, ते रेफरी लिहून कळवायचे. लेखकाला टीका कळायची, टीका करणाऱ्याचं नाव नाही. म्हणून प्रत्येक अभिप्राय गुंडोराव नव्यानं टाइप करायचे. अक्षर जायचं, लेटरहेड जायचं, सही जायची, आणि मग उरायची ती निखळ टोचणी.

चौऱ्याण्णव साली अप्पासाहेबांच्या निबंधाला अशी टोचणी बसली. रेशीमकिड्यांच्या रोगावरचा निबंध. रेफरीनं विचारलं होतं, ‘त्याच खोलीत निरोगी किडे ठेवून तुलना का केली नाही?’ आता या रोगावर काम करणारी देशात माणसंच मोजकी, आणि त्यांत बाई एकच, प्रमोदिनी. अभिप्राय तिचा होता. पुढच्या महिन्यात तिच्या बढतीची मुलाखत होती, आणि समितीवर अप्पासाहेब.

एका दुपारी अप्पासाहेब स्वतःच कचेरीत आले. संपादक रत्नाकर बँकेत गेलेले.

“नाव ऐकून वाटलंच,” अप्पासाहेब खुर्ची ओढत म्हणाले. “तुम्ही आपले. या मद्राशांत मराठी ऐकायला कान तरसतात हो.”

“बसा की, साहेब. रत्नाकरसाहेब येतातच. कॉफी घेता स्वल्प?”

“स्वल्प!” त्या कन्नड वळणावर अप्पासाहेब खदखदून हसले. “घेतो. काय हो, माझा निबंध चार महिने पडून होता. रेफरी झोपला होता वाटतं?”

आपल्या रेफरींना कुणी नावं ठेवली की गुंडोरावांना ते अंगाला लागायचं. “छे हो. त्या कधीच उशीर करत नाहीत. दुसरीकडनं–”

आणि जीभ थांबली.

कन्नडात ‘अवरु’ म्हटलं की बाई की बुवा, पत्ता लागत नाही. इंग्रजीत ‘रेफरी’वर भागतं. मराठी मात्र चहाडखोर.

अप्पासाहेब हसायचे थांबले. “त्या?”

‘चुकलो’ म्हणावं तर कबुलीच झाली. गप्प बसावं तर त्याहून मोठी. गुंडोरावांनी कॉफीसाठी फ्लास्कचं झाकण फिरवलं.

“सगळ्या तशाच असतात, साहेब,” ते म्हणाले. “आमच्या रत्नाकरसाहेबच बघा. सकाळी आल्या, सह्या केल्या, बँकेत गेल्या.”

“रत्नाकर… गेल्या?”

“आमच्यात मान द्यायचा म्हणजे असंच. अवरु-अवरु ऐकून.”

अप्पासाहेब काही एवढ्यावर विरघळणारे नव्हते. आयुष्यभर किडे निरखलेले डोळे. “असं? आणि तुमचे वडील काय करतात?”

वडील गेले त्याला वर्षही झालं नव्हतं. भरघोस कल्ल्यांचा, तालमीतला माणूस. गुंडोरावांनी कप पुढं सरकवला.

“वडील? त्या वारल्या, साहेब. गेल्या श्रावणात.”

तेवढ्यात दारातून रत्नाकर आत आले, मिशीवरचा घाम पुसत.

“ह्या आल्या बघा,” गुंडोराव म्हणाले.

रत्नाकर मूळचे सांगलीचे. त्यांना गुंडोरावांची मराठी पाठ होती, चांगली खणखणीत. त्यांनी तोंड उघडलं, गुंडोरावांचा चेहरा पाहिला, आणि मिटलं. मग म्हणाले, “मला पण दे रे कॉफी.”

अप्पासाहेबांनी कपातली कॉफी संपवली आणि दहा मिनिटं गुंडोरावांना ‘ते’ आणि ‘त्या’ यांतला फरक शिकवला. गुंडोराव मान खाली घालून “सरी, साहेब, सरी” असा कन्नडात होकार भरत राहिले. पटलं होतं की खेळवत होते, हे काही अप्पासाहेबांच्या तोंडावरून कळेना.

मुलाखतीला आठवडा उरला आणि दुरुस्त निबंध आला, सोबत रेफरीला उत्तर. रत्नाकर पाहतात तो गुंडोराव पानापानावर बोट फिरवतायत. किड्यांची कोष्टकं उलटून पुढं जातायत.

“काय शोधतोयस?”

“ही शोधतोय, साहेब.”

“कोण ही?”

“इंग्रजीतली.”

रत्नाकर वाकले. रेफरीचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे, पण त्याला, म्हणजे ‘ही’ला, प्रयोगशाळेच्या अडचणी ठाऊक नसाव्यात, असं अप्पासाहेबांनी लिहिलं होतं. पुढं पुन्हा ‘ही’. शेवटच्या पानावर ‘हिज’.

“सगळीकडे बुवाच आहे,” गुंडोराव म्हणाले, आणि प्रमोदिनीला पाठवायचा लिफाफा टाइपरायटरमध्ये सरकवला.