कैरीची फोड

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी बेळगावात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील, म्हणजे आमचे आप्पा, खासबागेत मागावर विणायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. कॉलेजात मी मागाचं सांगितलं होतं, बँडचं नव्हतं.

वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा बँड दरवर्षी सगळ्यात मागं, ट्रॅक्टरच्या धुरात चालायचा. त्या वर्षी पालखीपुढचा बँड येणार नाही, असं मिरवणुकीच्या दिवशी सकाळी कळलं. मंडळाच्या अध्यक्षांनी आप्पांना बोलावून ती पुढची जागा दिली.

"मास्तर, शेवटच्या चौकापर्यंत सूर मोडला न्हाय, तर हितनं पुढं ही जागा तुमचीच."

हे मला नंतर कळलं असतं तर बरं झालं असतं. पण आप्पांनी ते सकाळीच घरी येऊन सांगितलं होतं, आणि आईनं त्यांच्या लाल कोटाची पितळी बटणं चिंचेनं घासून दिली होती.

दुपारी मी तीन मित्रांबरोबर त्याच शेवटच्या चौकात उभा होतो. त्यातला कॅम्पात राहणारा एक जण कागदात कैरीच्या फोडी घेऊन आला, वर तिखटमीठ. फुंकणाऱ्यासमोर आंबट खाल्लं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि फुंक बसत नाही. आमच्याकडचा जुना खेळ.

"त्या ट्रंपेटवाल्या म्हाताऱ्याला धरूया."

"गाल बघ की त्याचं. बेडूक जणू."

तिघं पुढं जाऊन मचमच आवाज करत चोखू लागले. आप्पांनी नजर वर तारांकडं लावली. सूर टिकला.

"तू का न्हाईस रं? तुझा पावणा हाय काय त्यो?"

मी नाही म्हणालो. ते पटावं म्हणून फोड घेतली.

आप्पांनी बहुधा माझा आवाज ओळखला. त्यांनी खाली पाहिलं. मला थांबता आलं असतं. मी चोखत राहिलो. सूर एकदा थरथरला, मग नुसती थुंकी आणि हवा बाहेर आली. पोरं हसली. मीही हसलो; आता खोटं लिहून उपयोग नाही.

अध्यक्षांनी नुसत्या हातानं बँडला बाजूला सारलं. पालखी पुढं गेली.

घरी आप्पा कोट न काढताच बसले. आईनं विचारलं तर म्हणाले, "ऊन लागलं." ती आत गेल्यावर माझ्याकडं वळले.

"आंबट हुती काय रं?"

"व्हय."

"मीठ हुतं न्हवं?"

"हुतं."

"मग बरं."

पुढच्या वैशाखात बँड पुन्हा ट्रॅक्टरमागं होता. मी त्याच चौकात एकटाच, तोंड रिकामं ठेवून उभा राहिलो. चौक यायच्या आधीच आप्पांनी डोळे मिटून घेतले, ते चौक सरेपर्यंत उघडले नाहीत.