काकाच्या स्लॅबवरची डिश

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही तिला यवतमाळहून फुलसावंगीला घरी आणलं. डॉक्टरांनी पलंग सोडायचा नाही असं बजावलं होतं. दिवसा कधी पाठ न टेकलेली बाई ती. दिवसभर छताच्या टिनाकडे बघत पडून राहायची आणि मी पाठ फिरवली की डोळे पुसायची. मी शाळेतून रजा काढून आले होते. बाबांना तिचं ते गप्प राहणं सहन होईना. गावातलं केबल बंद पडल्यापासून आमचा टीव्ही कापडाखाली झाकून ठेवलेला. एका सकाळी त्यांनी ते कापड काढलं आणि पुसदच्या दुकानात फोन करून डिश बसवायला माणूस बोलावला.

दुपारी तो मोटरसायकलला डिशची छत्री बांधून आला. तिशीतला, बडबड्या. अंगणात उभं राहून त्यानं आकाश न्याहाळलं आणि मान हलवली. डिशचं तोंड जिकडे हवं तिकडेच आमचा कडूनिंब आडवा.

"फांद्या छाटा लागन," तो म्हणाला.

"त्या झाडाले हात लावू नका," आई आतून ओरडली. पलंगाजवळच्या खिडकीतून तिला तेवढंच हिरवं दिसायचं.

"मंग बाजूच्या स्लॅबवर लावू. तिथून मोकळं हाय. वायर इकडे घेऊ."

बाजूचा स्लॅब माझ्या काकाचा, बाबांच्या धाकट्या भावाचा. शेताच्या धुऱ्यावरून, मधल्या बांधावरून, दोघांचं बिनसलं होतं. कित्येक वर्षं भिंतीला भिंत लागून राहत होते, पण समोरासमोर आले की एक जण रस्ता बदलायचा. आई दवाखान्यात होती तेव्हा काकू मागच्या दारानं येऊन माझ्याजवळ विचारपूस करून जायची. काका कधी आला नाही.

हे त्या माणसाला कोण सांगणार? बाबांनी तोंड उघडायच्या आत तो कुंपणापाशी पोचला होता. काका ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता.

"भाऊ, तुमच्या स्लॅबवर डिश लावू काय? बाजूच्या बाईंच्या पायाचं ऑपरेशन झालं, पडून पडून कंटाळल्या म्हणे."

काकानं सूप बाजूला ठेवलं. आमच्या घराकडे बघितलं.

"वहिनीसाठी ना? मंग इचारता कायले? चढा वरतं."

आणि तो स्वतःच शिडी घेऊन निघाला.

डिश बसली, वायर आली. आता दिशा जुळवायची होती. मी आईच्या पाठीला उशी लावत होते, बाबा टीव्हीसमोर खुर्चीवर. वर त्या माणसाचे दोन्ही हात नटबोल्टात अडकलेले. तो काकाला म्हणाला, "भाऊ, खाली इचारा ना, आलं काय म्हणून."

मला वाटलं, आता काका खाली उतरून निघून जाणार. मी उत्तर द्यायला दाराकडे वळले, तर आईनं माझा हात घट्ट धरला.

मग काकाचा आवाज आला. "आलं काय?"

बाबा टीव्हीकडे बघत राहिले. पडद्यावर निळ्याशिवाय काही नव्हतं. तेच मोठ्यानं म्हणाले,

"नाही."

"आता?"

"नाही आलं. थोडं अजून फिरव."

"आता पाह्य बरं."

"आलं, आलं... गेलं! काहून हालवलं? मांगं घे जरासं."

"घेतलं. आता?"

पडद्यावर एक बाई हसताना दिसली, आवाजासकट.

"थांब!" बाबा खुर्चीवरून उठून दारात जाऊन ओरडले. "तिथंच थांब, हालू नको!"

"मी काहून हालतो, मी उभाच हाव!" वरून काका म्हणाला, आणि तो डिशवाला खो खो हसायला लागला. त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही. आईनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की रडत, मी विचारलं नाही.

चहा काकूनं केला. काका आमच्या ओट्यापर्यंत आला, चप्पल काढावी की नाही अशा पायांनी घुटमळला. बाबा म्हणाले, "ये ना." तेवढंच. काका आत येऊन आईच्या पायाशी बसला.

"लय दुखते काय, वहिनी?"

"आता नाही," आई म्हणाली.

धुऱ्याचं पुढे काय ठरलं, मला नीट माहीत नाही. एकदम गळ्यात गळे पडले असंही झालं नाही. पण वारा सुटला किंवा वानरांनी डिशवर उड्या मारल्या की काका आपणहून वर चढायचा आणि दोघं एकमेकांवर यथेच्छ ओरडायचे. माझी रजा संपत आली त्या आठवड्यात आई वॉकर धरून पहिल्यांदा अंगणात उतरली. मला वाटलं, कडूनिंबाखाली बसेल. ती कुंपणातल्या मोकळ्या जागेतून हळूहळू पलीकडे गेली. काकूनं हातातलं पीठ तसंच ठेवून धावत येऊन तिला कंबरेत धरलं, आणि दोघी जावा चुलीजवळ जेवायच्या वेळेपर्यंत बोलत बसल्या.