टाकीतली हवा

दुपारचं जेवण पोटात उतरलं की आबांच्या, म्हणजे आकाराम चौगुल्यांच्या, पापण्या जड होतात, पण ते घरात आडवे होत नाहीत. गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून ते आतल्या लोखंडी खुर्चीत बसतात आणि समोरच्या कॉम्प्रेसरच्या मीटरवर नजर लावतात. आबांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. उभा जन्म काट्याकडे बघण्यात गेला आणि म्हातारपणी पुन्हा काट्याशीच गाठ पडली.

कॉम्प्रेसर त्यांच्या मुलानं, रणजितनं आणलेला. उद्यमनगरातलं एक वर्कशॉप बंद पडलं, तिथून त्यानं तो जुना उचलला. आणला तेव्हा टाकी जिकडून तिकडून फुसफुसत होती. रणजित साबणाचं पाणी करायचा, ब्रशनं एकेका जोडावर फिरवायचा, बुडबुडा आला की तिथं पान्यानं आवळायचा. असं करत करत त्यानं टाकी अशी पक्की केली की काटा जागचा हलेना. त्या संध्याकाळी त्यानं टाकी पूर्ण भरली, बापाला आणि बायकोला, पल्लवीला, बोलावून मीटर दाखवला. दुसऱ्या दिवशी रंगाच्या गनसाठी पाइप आणायला मोटरसायकलवरून गेला तो परत आलाच नाही. हायवेच्या वळणावर ट्रक होता.

टाकी मात्र भरलेली राहिली.

जुनी कपाटं, ग्रिल, गेटं रंगवून द्यायचा धंदा रणजित आणि पल्लवी मिळून करणार होते. आता पल्लवीनं तो एकटीनं करायचा ठरवलंय. गल्लीतल्या एकांनी भरवशानं त्यांचं गेट आणूनही टाकलंय. पण बटण दाबलं की मोटर नुसती घुमते, पट्टा हलत नाही आणि फ्यूज उडतो. मेकॅनिक आला, त्यानं चाक हातानं फिरवून बघितलं आणि सांगितलं, की टाकीतली हवा पिस्टनवर चढून बसलीय, ती सोडली की मोटर फिरेल. टाकीच्या बुडाची चावी उघडायला तो वाकला आणि आबांनी त्याचं मनगट धरलं. मेकॅनिक पल्लवीकडे बघत राहिला, पल्लवी जमिनीकडे.

"उद्या ते गेट परत न्यायला येणार हाईत, मामा," आज सासऱ्याला वाढताना पल्लवी एवढंच म्हणाली.

आबांना कळत नाही असं नाही. हवा सोडली नाही तर सुनेचा धंदा सुरू व्हायच्या आत बसणार. आणि सोडली, तर मुलाच्या हातचं शेवटचं काम फुस्स करून निघून जाणार. हे दुसरं त्यांना सोसवत नाही. रणजितनं भरलेलं या घरात आता दुसरं काय आहे?

मीटरची काच धूसर होते. शटरखालून आलेला उन्हाचा पट्टा पावलांवरून गुडघ्यांवर चढतो. मान छातीवर कलते. टाकीच्या पलीकडे कुणीतरी पाण्यात ब्रश बुडवतं.

रणजित उकिडवा बसलाय. बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"काय करालायस रं?" आबा विचारतात.

"बुडबुडं बघालोय, आबा. कुटनं तरी जातीया हवा."

"जाईल कशी? तू घट्ट केलायस की सगळं."

"मीटर बघा."

आबांना बघायची गरज नाही. काटा रोज केसभर खाली येतो आणि रोज ते चष्म्याला दोष देतात. मुलासमोर मात्र चष्म्याचं नाव काढवत नाही.

"जेवलास काय?" ते विचारतात. मेलेल्या मुलाला बापानं आणखी काय विचारावं?

"भूक लागत न्हाई आता," रणजित म्हणतो आणि उठून उभा राहतो.

त्याच्या पायाखालची फरशी लोखंडी आहे आणि किंचित डुलते. कारखान्याचा वजनकाटा आहे तो. हवेत मळीचा वास आहे. बैलगाड्यांची रांग लागलीय, पण गाड्यांत ऊस नाही, न रंगवलेली गेटं आणि ग्रिलं रचलीयत. आबा त्यांच्या खिडकीत बसलेत. शाळा सुटल्यावर डबा घेऊन यायचा तेव्हा उभा राहायचा तसा रणजित काट्याच्या मधोमध उभा आहे.

"आबा, माझं वजन सांगा."

आबा काचेकडे बघतात. काटा शून्यावर आहे. ते काचेवर बोटानं टकटक करतात. शून्यच.

"नीट हुबा ऱ्हा."

"हुबाच हाय की."

"मग भरत कसं न्हाई?" आबांचा आवाज फाटतो. एकही गाडीवान आरडाओरडा करत नाही. सगळी रांग मुकाट्यानं थांबून राहते.

"उतरून ठेवलं सगळं," रणजित म्हणतो. "तुमी कशापायी उचलून बसलायसा?"

त्याला धरायला आबा खिडकीतून हात बाहेर काढतात. हात बाहेर येतो तो घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि त्यावर पाऊस पडतो. टाकी भरली तीच संध्याकाळ आहे. सकाळपासून झड लागलीय. आत पल्लवी मिरचीची फोडणी टाकते आणि स्वतःच ठसकते. समोर गॅरेजच्या उंबऱ्यावर आबांना आबाच दिसतात, तळहातावर तंबाखू मळणारे. त्यांच्यामागे कॉम्प्रेसर धडधडतोय, टाकी भरतेय. किती साधी संध्याकाळ होती ती, आणि आपण नुसते तंबाखू मळत बसलो होतो!

"आता बघा, मशीन हवा कुटनं ओढतंय," शेजारी उभा असलेला रणजित म्हणतो.

आबा बघतात. फोडणीचा धूर खिडकीतून निघतो, अंगणातल्या पावसाला चुकवत गॅरेजात शिरतो आणि मशीनच्या जाळीत जातो. उंबऱ्यावरचे आबा तळहात झटकतात, तंबाखूचा भुगा उडतो, तोही जातो.

"ती हवा माझी कुटली, आबा? मी काय तोंडानं फुगा फुगवला? पल्लवीचा ठसका हाय त्यात, तुमची तंबाखू हाय, पावसाची वल हाय. जे गावलं ते ओढलंय."

"आणि तुझं कायच न्हाई?"

"आसंल की एखादा श्वास. मीबी हितंच हुतो."

"त्योच पायजे मला."

रणजित बोटांवरचा फेस निरखतो. पावसाचा आवाज येत नाही.

"त्यो तेवढा येगळा काढता येत न्हाई, आबा."

"मग ऱ्हाऊ दे सगळीच. रणजित, ही गेली की मला काय राहिलं रं तुझं?"

रणजित वळतो. तो गॅरेजात जातो, टाकीखाली वाकतो आणि बुडाची चावी फिरवायला बघतो. चावी हलत नाही. तो पुन्हा जोर करतो. त्याच्या मानेची शीर ताठ होते, लहानपणी सायकलची चेन बसेना झाली की व्हायची तशी.

"आबा," तो मागे न बघता म्हणतो, "लई गच्च हाय. मला एकट्याला जमंना. जरा हात लावा की."

रणजितनं हात लावा म्हटलं आणि आबा बसून राहिले, असं आजवर झालेलं नाही. गुडघ्यांची कुरबुर न ऐकता ते खाली बसतात. मुलाच्या हातावर हात ठेवतात. तो हात गार नाही, ऊनही नाही. फेसानं निसरडा झालाय. दोघं मिळून पिळतात. चावी कुरकुरते.

"अजून जरा," रणजित म्हणतो.

आबा डोळे मिटतात आणि जोर लावतात.

हवा सुटते. केवढा तरी आवाज होतो आणि तो संपता संपत नाही. मग बारीक होतो, फुसफुसतो, थांबतो.

आबा डोळे उघडतात तेव्हा खुर्ची मागे रिकामी आहे. ते फरशीवर गुडघे टेकून बसलेत, एकटे. डावा हात चावीवर आहे. मीटरचा काटा शून्यावर गेलाय. उजवा हात टाकीखाली पसरलेला आहे आणि चावीतून गंजानं तांबडं झालेलं पाणी थेंबथेंब तळहातावर पडतंय. त्या दिवशीच्या पावसाची वल ती, हवेबरोबर आत गेलेली. हवा गेली, पाणी तेवढं बुडाशी राहिलं. आबांच्या तळहाताची वाटी अर्धी भरली आहे.

आवाज ऐकून पल्लवी धावत आलीय. शटरखालून वाकून आत येते आणि मीटर बघून जागच्या जागी उभी राहते.

"मामा?"

"चावी बंद कर," आबा म्हणतात. "आणि बटण दाब."

ती चावी बंद करते. बटणावर बोट ठेवून एकदा सासऱ्याकडे बघते आणि दाबते. मोटर घुमते. पट्ट्याला हिसका बसतो, चाक एक अडखळता फेरा घेतं, मग दुसरा, आणि गॅरेजभर धडधड सुरू होते. पल्लवी ओढणी तोंडावर दाबून रडायला लागते. आबा तिला रडू देतात.

जरा वेळानं ती डोळे पुसते आणि खुंटीवरचं फडकं त्यांच्यापुढे धरते. "हात घाण झालाय, मामा. पुसा."

आबा फडकं घेत नाहीत. दिवसकार्याच्या वेळी रणजितला पाणी चुलतभावानं दिलं होतं. आबा घाटाच्या पायरीवर पाठ करून बसले होते. मुलानं बापाला द्यायचं पाणी बापानं कुठल्या हातानं द्यायचं, म्हणाले होते.

ते तळहात अंगठ्याच्या बाजूला कलता करतात. घाटावर देतात तसं, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून तांबडं पाणी सावकाश खाली उतरतं आणि फरशीवर पसरतं.

"जा, लेकरा," ते म्हणतात. मशीनच्या आवाजात पल्लवीला ते ऐकू येत नाही.

हात रिकामा होतो. तळहाताच्या रेषांत गंज तेवढा राहतो.