बिनडागाचा शेवट

यंत्रमागांच्या खडखडाटात आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो. सुरतच्या त्या कारखान्यात तो माझ्या शेजारच्या मागावर होता, खानदेशातला. अंतराळयानांच्या त्या इंग्रजी सिनेमाचा नवा भाग आला की आम्ही दोघं पहिल्याच खेळाला. बाहेर पडताना दर वेळी तो चिडायचा, "वाट लाई टाकी यास्नी!" तरी पुढच्या भागाला पुन्हा हजर.

या वेळी तर इतक्या वर्षांच्या नायकाला उगाच मारलं होतं. दुसऱ्या दिवशी, सुट्टी न मिळालेल्या सोबत्याला तो हातांनी गोष्ट सांगत होता. दोन बोटांचं यान मागावरच्या धोट्यासारखं सुटलं आणि नायक सुखरूप घरी उतरला.

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "सिनेमात असं कुठं होतं?"

"मालक आपल्याला घरी न्यायला डागाचंच कापड देतो," तो म्हणाला. "सिनेमा तरी त्या गड्याला बिनडागाचा मिळू दे."