मालकांकडे वळवलेला मॉनिटर

सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग एक मॅडम सांभाळायच्या. त्या इतकं हळू बोलायच्या, की ऐकणाऱ्याला खुर्ची पुढे ओढावी लागे. प्रिंटरमध्ये दुसऱ्याचा कागद निघाला, तर तो न वाचता, पालथा करून त्याच्या टेबलावर ठेवायच्या.

दोन हजार सालानंतर आमच्या मोठ्या गिऱ्हाईक कंपनीने कळवलं, की यापुढे ऑर्डरी, बिलं, सगळं इंटरनेटवरून चालेल. सॉफ्टवेअरवाल्याने दोन पद्धती सांगितल्या. एफटीपी स्वस्त होती. एएस-टू महाग होती, पण तिच्यात मजकूर कुलूपबंद जायचा आणि पोचल्याची सहीची पावती परत यायची.

"आपलं चोरायला कोण बसलंय?" मालक म्हणाले.

मॅडमनी सॉफ्टवेअरवाल्याला एक बिल एफटीपीने पाठवायला सांगितलं आणि स्वतः ते वाटेतच पकडायला शेजारच्या कॉम्प्युटरवर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी मॉनिटर अलगद वळवला, फक्त मालकांकडे.

"अहो, हे तर आपले दर!" मालक चमकले.

तेच बिल मग दुसऱ्या पद्धतीने गेलं.

"आता बघा, सर."

"आता काहीच कळत नाही की!" मालक खूश झाले. "हीच घ्या."

सॉफ्टवेअरवाला आणि मी माना लांबवून बघेपर्यंत मॅडमनी स्क्रीन बंद केला होता. चहाच्या वेळी मी हळूच विचारलं, "मॅडम, दर काय होते हो?"

त्या मनापासून हसल्या आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.